जुनी जपानी गाडी घेताना : स्वानुभवातून एक अभ्यास

गेल्या सत्राच्या अखेरीस यांत्रिकी शाखेचे शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी माझ्या खोलीत आले. एकाच्या मोबाईलवर निळ्या रंगाच्या निसान स्कायलाइन गाडीचे छायाचित्र होते. "सर, ही गाडी आपल्याकडे आणता येईल का?" त्याने विचारले. मी नकारार्थी मान हलविली. परदेशात वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, असा आपला आयात नियम आहे. १९९५ सालची गाडी त्यात बसणे शक्य नाही. दोघांचे चेहरे पडले. मग दुसरा हळूच म्हणाला, "पण सर, मी पुढच्या महिन्यात शिकायला न्यूझीलंडला चाललोय. तिथे घेता येईल ना?"

"तिथे येईल," मी म्हणालो आणि थांबलो. कारण वीस वर्षांपूर्वी त्याच देशात, त्याच वयात, नेमकी तीच गाडी मी घेतली होती, आणि त्या खरेदीने माझे एक वर्ष खाल्ले. त्या मुलाला जे सांगितले तेच जरा व्यवस्थित मांडावे, म्हणून हा लेख. यात थोडे पदार्थविज्ञान आहे, थोडे अर्थशास्त्र आहे, आणि बराचसा माझा मूर्खपणा आहे. विद्यार्थी मित्रांनी तिन्हींपासून बोध घ्यावा.

या गाड्या आल्या कोठून?

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानची आर्थिक भरभराट शिगेला पोचली होती. मोटार कंपन्यांजवळ पैसा होता आणि संशोधकांना मोकळीक होती. त्या काळात आखलेल्या गाड्या १९८९ पासून पुढे बाजारात आल्या. निसानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, माझदाची आरएक्स-७, होंडाची एनएसएक्स, मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारूची इम्प्रेझा ही त्यांतील ठळक नावे. १९८९ च्या आर-३२ जीटी-आर गाडीने १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची मोठी शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली.

गंमत अशी की, जपानी कंपन्यांनी आपापसांत एक अलिखित मर्यादा पाळली होती. कोणत्याही गाडीची शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करावयाची नाही. ही मर्यादा २००४ पर्यंत टिकली. परिणाम असा झाला की, कागदावर आकडा वाढविता येत नसल्यामुळे कंपन्यांनी इंजिनाचा मूळ ठोकळा, गिअर, चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा अशा गोष्टींवर मेहनत घेतली. सुप्राचे तीन लिटरचे आणि जीटी-आरचे २.६ लिटरचे इंजिन कारखान्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त शक्ती सोसू शकते, ही गोष्ट हौशी लोकांच्या लवकरच ध्यानात आली. या गाड्यांची कीर्ती त्यातून वाढली, आणि जुनी गाडी घेणाऱ्याच्या डोकेदुखीचे मूळही त्यातच आहे. जी गाडी शक्ती वाढविण्यास सोपी, ती बहुधा कोणीतरी वाढवून पाहिलेली असते.

आता अर्थशास्त्र. जपानमध्ये खासगी गाडीला 'शाकेन' नावाची तपासणी सक्तीची आहे. नव्या गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तीत तपासणीचे शुल्क, सक्तीचा विमा, वजनावरचा कर आणि दुरुस्ती असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. गाडी तेरा वर्षांची झाली की करही वाढतो. साहजिकच चांगल्या चालत्या गाड्या मालक काढून टाकतात, आणि त्या लिलावात जातात. जपानमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, न्यूझीलंडमध्येही तसेच. न्यूझीलंडने १९८०च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांच्या आयातीवरील बंधने सैल केली, आणि जपानी बंदरांतून जहाजे भरभरून गाड्या ऑकलंडला येऊ लागल्या. मी तेथे गेलो तेव्हा रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांच्या काचांवर जपानी अक्षरांतल्या चिठ्ठ्या तशाच होत्या. गाडीतला रेडिओ लावला तर बहुतेक स्थानके लागत नसत, कारण जपानी रेडिओची एफएम पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि न्यूझीलंडची ८८ च्या पुढे.

माझी खरेदी

२००५ साली मी पदव्युत्तर अभ्यासासाठी ऑकलंडला होतो. दुसऱ्या सत्राच्या खर्चासाठी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या निवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम पाठविली होती. मी संध्याकाळी एका गोदामात काम करून थोडी शिल्लक टाकली होती. दोन्ही मिळून साडेनऊ हजार न्यूझीलंड डॉलर झाले, आणि त्या सगळ्यांची मी गाडी घेतली. घरी सांगितले नाही. इंजिनाचा अभ्यास होईल, अशी मनाची समजूत घातली. खरे कारण एवढेच की, वर्गातल्या इतरांजवळ होती आणि माझ्याजवळ नव्हती.

गाडी १९९५ सालची स्कायलाइन आर-३३, जीटीएस-२५टी. ही जीटी-आर नव्हे. तिची धाकटी बहीण म्हणा. अडीच लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, एक टर्बोचार्जर, २५० अश्वशक्ती, आणि शक्ती केवळ मागच्या चाकांना. मीटरवर ८४ हजार किलोमीटर. रंग चकचकीत, आतील बैठक स्वच्छ, आणि नुकतेच मिळालेले 'वॉरंट ऑफ फिटनेस' नावाचे सरकारमान्य तपासणीपत्र. विक्रेत्याने चावी दिली, गाडी आधीच गरम होती, एका वळशात सुरू झाली. त्याने बॉनेट उघडले. इंजिन धुऊन पुसून लख्ख केलेले. बेल्टच्या झाकणावर एक मळकी चिठ्ठी होती. तिच्यावर हाताने काही जपानी अक्षरे आणि '१२' व '१०.२' असे आकडे लिहिले होते. मी ती पाहिली, आणि सोडून दिली.

पाचव्या आठवड्यात मित्रांसह हॅमिल्टनला निघालो. ऑकलंडच्या दक्षिणेस महामार्गावर एक चढ लागतो, त्याचे नाव 'बॉम्बे हिल्स'. आपल्या मुंबईशी त्याचे नाते इतकेच की, 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ते गाव वसविले. मला त्या नावाचे अप्रूप होते. चढावर जोरात पाय दाबला. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मग धातूवर खडा आपटावा तसा 'टक' असा आवाज, आणि मागे निळसर धूर. गाडी बंद पडली नाही, पण तिच्यातला जीव गेला. मागून येणारे मालट्रक आम्हाला ओलांडून चढ चढू लागले.

काय मोडले, आणि का?

मेस्त्रीने टर्बोचार्जर उतरविला तेव्हा त्यातले एक चक्र जागेवर नव्हतेच. नुसता दांडा उरला होता. हे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे.

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एका चक्राला फिरवितो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. परंतु ॲक्सिलरेटर दाबल्यावर चक्रे वेगात येण्यास थोडा वेळ लागतो. तो वेळ कमी करायचा तर चक्राचे जडत्व-परिबल कमी केले पाहिजे, म्हणजेच चक्र हलके हवे.

निसानच्या अभियंत्यांनी या मालिकेत वायूकडचे चक्र निकेलच्या मिश्रधातूऐवजी सिरॅमिकचे केले. निकेल मिश्रधातूची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम, तर अशा चक्रांना वापरतात त्या सिलिकॉन नायट्राइडची सुमारे ३.२ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी वजन, आणि उष्णता सोसण्याची ताकद उत्तम. कल्पना अत्यंत हुशारीची होती. पण सिरॅमिक ठिसूळ असते. धातू ताण वाढला की आधी थोडा वाकतो, ताणतो, म्हणजे एक प्रकारे सूचना देतो. सिरॅमिक सूचना देत नाही. आणि फिरत्या चक्रातील केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण पहिल्या वर्षालाच शिकतो. वेग एक चतुर्थांशाने वाढविला, तर ताण निम्म्याहून अधिक वाढतो.

कारखान्याने या गाडीचा हवेचा दाब सुमारे अर्धा बार ठेवला होता. त्या मर्यादेत सिरॅमिक चक्र वर्षानुवर्षे टिकते. हौशी मालक स्वस्तात शक्ती वाढवायची म्हणून दाब वाढवितो. एक बारच्या आसपास गेले की चक्राच्या आयुष्याचा भरवसा राहत नाही. मेस्त्रीने मला नळीवरील जुन्या क्लॅम्पचे व्रण दाखविले, आणि डॅशबोर्डच्या खाली स्क्रूची दोन रिकामी भोके. तेथे कधीकाळी दाब वाढविणारे उपकरण आणि त्याचे मीटर बसविलेले होते. विकण्यापूर्वी ते काढून सारे पूर्ववत केले होते. मी घेतलेली गाडी मूळ अवस्थेतील नव्हती. ती मूळ अवस्थेत परत आणलेली गाडी होती. या दोहोंत फार अंतर आहे.

चिठ्ठीचा अर्थ

दुसरा धक्का त्यानंतर बसला. माझ्या प्रयोगशाळेत नागोयाचा एक विद्यार्थी होता. गाडी पाहायला म्हणून तो आला आणि ती मळकी चिठ्ठी वाचून हसला. म्हणाला, "टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद आहे. बारावे वर्ष, एक लाख दोन हजार किलोमीटर."

बारावे वर्ष म्हणजे हेइसेई कालगणनेतील बारावे. आपण शकाच्या आकड्यात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवायचे. १२ अधिक १९८८ म्हणजे सन २०००. आणि '१०.२' या आकड्यापुढे जे जपानी अक्षर होते त्याचा अर्थ दहा हजार. आपल्या जुन्या गणितात दहा हजाराला 'अयुत' म्हणतात, तेच त्यांचे रोजच्या वापरातले एकक. १०.२ अयुत म्हणजे १,०२,०००. सन २००० मध्ये एक लाख दोन हजार चाललेली गाडी २००५ मध्ये ८४ हजार दाखवीत होती! न्यूझीलंडमध्ये २००१ साली ती उतरली तेव्हाची कागदावरील नोंद ५८ हजारांची होती. म्हणजे त्या देशात ती २६ हजार चालली. खरा आकडा निदान १,२८,००० होता. मीटर त्याआधीच केव्हातरी मागे फिरविलेले होते.

ते कोणी फिरविले हे मला कधीच कळले नाही. मला विकणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. त्यामुळे कोणावर आरोप करण्यात अर्थ नाही. पण पुरावा माझ्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर होता. यांत्रिकी शाखेचा पदवीधर म्हणवणाऱ्या माणसाने तो वाचण्याचा प्रयत्नही केला नाही, हा दोष माझाच. विनोद असा की, त्या चिठ्ठीत एक चांगली बातमीही होती. त्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपते. बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. पूर्वीच्या कोण्या काळजीवाहू मालकाने तो वेळेवर बदलला होता. त्या प्रामाणिक चिठ्ठीनेच मीटरचे बिंग फोडले.

परीक्षा कशी करावी?

पुढील मुद्दे त्या नुकसानीतून आणि नंतरच्या अभ्यासातून आले आहेत. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला मुद्दा कागदांचा. जपानी लिलावात प्रत्येक गाडीचे एक परीक्षापत्र तयार होते. त्यात एकूण गुण असतात. चार किंवा साडेचार म्हणजे चांगली. 'आर' म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. गाडीच्या आकृतीवर खुणा असतात : 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लहर, 'एस' म्हणजे गंज, दोन 'एक्स' म्हणजे तो भाग बदललेला. अक्षरापुढचा आकडा दोषाचा लहानमोठेपणा सांगतो. हे पत्र मागावे, मिळाले तर जपानी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे, आणि गाडीशी ताडून पाहावे. जपानी मालक नियमित तपासणीची वहीही बहुधा समोरच्या कप्प्यात ठेवतात. ती वही गाडीबरोबर आली असेल तर तिचे मोल नव्या रंगापेक्षा जास्त. मीटरचा आकडा हा पुरावा नव्हे, दावा आहे. वही, चिठ्ठ्या, आयातीची नोंद आणि दर तपासणीच्या वेळचे आकडे एका कागदावर तारखेनुसार मांडावेत. आकडा एकदाही मागे गेलेला दिसता कामा नये.

दुसरा मुद्दा ओळखीचा. स्कायलाइनच्या साध्या प्रकाराला जीटी-आरचे बंपर आणि बोधचिन्ह लावून विकणारे असतात. इंजिनखोलीतील पट्टीवर सांगाड्याचा संकेत कोरलेला असतो. जीटी-आरसाठी बीएनआर३२, बीसीएनआर३३ किंवा बीएनआर३४. माझ्या गाडीचा होता ईसीआर३३. चिन्हे विकत मिळतात, म्हणून हा संकेत पाहावा, आणि तो कागदांशी जुळतो की नाही तेही पाहावे.

तिसरा मुद्दा थंड इंजिनाचा. विक्रेत्याला आधी कळवावे की, गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी. सुरू होतानाचा निळा धूर, खडखडाट, तेलाच्या दाबाचा काटा या गोष्टी थंड इंजिनच सांगते. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपविते. फार स्वच्छ धुतलेल्या इंजिनाचाही संशय घ्यावा, कारण तेल कोठून गळते ते त्यावर दिसत नाही.

चौथा मुद्दा मापनाचा. कानांवर विसंबू नये. प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करवून घ्यावी. आकडा किती यापेक्षा सहाही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे अधिक महत्त्वाचे. आरएक्स-७ घेणाऱ्याने येथे विशेष सावध असावे. तिच्या इंजिनात पिस्टन नसून त्रिकोणी रोटर असतात, आणि त्यांच्या टोकांवरील पट्ट्या झिजल्या की इंजिन उघडावे लागते. साधा कॉम्प्रेशन गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. म्हणजे दोन बाजू खराब असूनही तो चांगला निकाल देईल! तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारे खास उपकरण वापरणाराच मेस्त्री गाठावा.

पाचवा मुद्दा बदलांचा. रिकामी भोके, कापून जोडलेल्या वायरी, नळ्यांवरचे व्रण पाहावेत. बदल करणे हा गुन्हा नव्हे. चांगल्या हाताने केलेला आणि पावत्यांसह दाखविलेला बदल एक वेळ पत्करावा, लपविलेला बदल पत्करू नये. न्यूझीलंडमध्ये मोठे बदल केलेल्या गाडीला वेगळे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर पुढच्या तपासणीत गाडी अडते.

सहावा मुद्दा पत्र्याचा. या गाड्या आता तीस वर्षांच्या आसपास आल्या. दारांखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची वरची बैठक आणि गाडीचा तळ बॅटरीच्या उजेडात पाहावा. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे आत लांबी भरलेली असते. मात्र एनएसएक्स गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे आहे. तेथे चुंबक कोठेच धरणार नाही!

सातवा मुद्दा सरकारी तपासणीचा. 'वॉरंट ऑफ फिटनेस' ब्रेक, टायर, दिवे, सांगाड्याचा गंज यांविषयी बोलते. इंजिन किती दिवस टिकेल याविषयी ते एक अक्षरही बोलत नाही. मी त्या कागदाला आरोग्याचा दाखला समजलो.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि सर्वांत महत्त्वाचा. जवळ असलेल्या रकमेपैकी निदान एक तृतीयांश मागे ठेवून उरलेल्या रकमेची गाडी पाहावी. घेतल्याबरोबर सगळी तेले, पट्टे, पाण्याचा पंप, नळ्या, टायर यांवर खर्च होतो, तो टळत नाही. ज्याला एवढे मागे ठेवणे जमत नाही त्याला ती गाडी परवडत नाही, मग किंमत कितीही कमी असो.

आजची स्थिती

माझ्या काळात या गाड्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात होत्या. आता तसे राहिले नाही. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी तेथील सुरक्षा-मानकांच्या अटीतून सुटते. त्यामुळे १९८९ ची आर-३२ गाडी २०१४ पासून आणि १९९९ ची आर-३४ गाडी २०२४ पासून तेथे जाऊ लागली. मागणी वाढली, पुरवठा तर वाढणारच नव्हता. भाव चढले, आणि भाव चढला की बनवेगिरीही चढते. एक बाजू समाधानाची आहे. कंपन्यांनी जुने सुटे भाग पुन्हा तयार करण्यास सुरुवात केली आहे. निसानने २०१७ मध्ये आर-३२ जीटी-आरपासून आरंभ केला आणि पुढे आर-३३ व आर-३४ जीटी-आरचाही समावेश केला. टोयोटाने २०२० मध्ये सुप्राचे भाग देण्यास सुरुवात केली. तेव्हा घेण्यापूर्वी कोणत्या गाडीचा कोणता भाग मिळतो, याची यादी करावी.

आपल्या बेळगावातही हे सारे लागू आहे. येथे जुनी होंडा सिटी व्हीटेक घेणारा हौशी तरुण भेटतो. गोव्याच्या नंबरची, कोल्हापूरच्या नंबरची गाडी स्वस्त मिळते म्हणून आपण सीमेपलीकडे जातो, आणि एनओसीचे कागद पुरे आहेत का हे पैसे दिल्यावर पाहतो. देश बदलला तरी फसण्याची रीत फारशी बदलत नाही.

आप्पांचा प्रश्न

टर्बो दुरुस्तीला, पोलादी चक्र बसवून, अठ्ठावीसशे डॉलर लागले. ते मी रात्रपाळ्या करून फेडले. त्यात प्रबंध एक सत्र लांबला. घरी मात्र 'अभ्यास जड आहे' असे सांगत राहिलो. शेवटी एका रविवारी फोनवर आप्पांना सगळे सांगून टाकले. पैसे त्यांच्या निवृत्तीचे होते हे आठवून माझा आवाज लागत नव्हता. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "दात पाहिले होतेस का रे?"

मला क्षणभर कळेना. मग आठवले. माझे आजोबा खानापूरकडचे शेतकरी. बैल घ्यायला बाजारात जात तेव्हा लहानपणी आप्पा त्यांच्याबरोबर असत. व्यापारी बैलाला धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून उभा करी. आजोबा झुलीकडे पाहतही नसत. आधी जबडा उघडून दात पाहत : दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग खांदा चाचपत. मग बैल चालवून पाहत. हे सगळे झाल्यावर मगच रुमालाखाली बोटे धरून भाव. व्यापारी वय काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. माझ्या गाडीच्या दातांवरही वय लिहिलेले होते. मी झूल पाहून भाव केला.

आप्पा त्या पैशांविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. गाडी मी दीड वर्ष चालविली, आणि विकताना घेणाऱ्याला चिठ्ठी, मीटरचा हिशेब व टर्बोची पावती तिन्ही दाखविली. किंमत बरीच कमी आली. घेणारा मात्र समाधानाने गेला, आणि मीही.

त्या दिवशी माझे बोलणे ऐकून विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, घेऊ की नको?" मी म्हणालो, "घे. पण पहिल्या सत्रात नको. घरच्या पैशांतून नको. स्वतः कमावलेल्यातून घे, तिसरा हिस्सा मागे ठेवून घे, आणि घेण्यापूर्वी मला तिच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठव." तो गेल्या महिन्यात गेला. अद्याप फोटो आलेला नाही. यावरून तो अभ्यास करीत असावा, असे मी समजतो.